खात नाही तरी वजन काऊन वाढून राहिलं?

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय ४१. लग्न होऊन या घरी आले तेव्हा ४७ किलो होते. परवा गावात शिबिर झालं, तिथं काटा ७४ वर गेला. उंची पाच फूट एक इंच. वजन करणाऱ्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खाणं कमी करा." बायका हसल्या. ताई, देवाची आण, मी दोनच वेळा जेवते. आमचं सहा एकर वावर आहे, सोयाबीन, तूर आणि थोडी कपाशी. ह्यांचं पोट सुटलं आहे, शुगर बॉर्डरवर आहे म्हणतात. पोरगा नववीत आहे, तोही माझ्यावरच गेला, शाळेत त्याला चिडवतात. नणंद म्हणते, वहिनी आयत्यावर बसली. सासूबाई म्हणतात, "वाढलं त काय झालं, खात्यापित्या घरची बाई हाय." मागच्या वर्षी तालुक्याच्या एका बाईकडून डब्यातली पावडर घेतली. कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे त्यात गेले. सहा किलो उतरलं आणि चार महिन्यांत आठ किलो चढलं. मी खात नाही तरी वजन काऊन वाढून राहिलं? माझ्यातच काही खोट आहे का?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते "बायका हसल्या" या दोन शब्दांसाठी. काट्यावर उभ्या असलेल्या बाईला चारचौघांत टाकून बोलणं हा उपचार नव्हे. या पेशातली एक म्हणून मला त्याचं फार वाईट वाटलं.

आधी आकडा समजून घेऊ, कारण तो लपवण्यात काही हित नाही. पाच फूट एक इंच म्हणजे १५५ सेंटिमीटर. ७४ किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, जवळपास ३१ येतो. जगात २५ च्या पुढे जास्त वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आपल्या लोकांसाठी डॉक्टरांनी या दोन्ही रेघा खाली ओढल्या आहेत: २३ आणि २५. आपल्या अंगात कमी वजनावरच चरबी जास्त साठते, तीही पोटात, म्हणून. तेव्हा वजन उतरवायला हवं हे खरं. शिबिरातल्या मॅडम तिथं चुकल्या नाहीत.

पण खोट तुमच्यात आहे का, याचं उत्तर नाही असंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष बीएमआय २५ किंवा त्याहून वरचे निघाले. दर चौघींत एक. जी तुमच्यावर हसली, तिच्या घरातही कोणीतरी असेल. एवढ्या माणसांना एकाच पिढीत हाव सुटली, असं कोणी सांगितलं तर मी मानणार नाही. बदललं आहे ते त्यांच्या भोवतालचं.

सासूबाईंना एकदा निवांत बसवा आणि विचारा, त्या नव्या नवरी होऊन आल्या तेव्हा दिवस कसा जायचा. पहाटे सडा-सारवण, विहिरीवरून पाण्याच्या खेपा, गोठा, सरपण, मग डोक्यावर शिदोरी घेऊन चालत वावर, दिवसभर निंदण, आणि घरी आल्यावर पुन्हा चूल. आता दारात नळ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे. ज्या निंदणाला पंधरा बाया लागायच्या, तिथं पाठीवर पंप घेतलेला एक माणूस तणनाशक मारून दुपारी घरी येतो. सोयाबीन मशीननं निघतं. तुमच्या ह्यांची मोटरसायकल थेट धुऱ्याला जाऊन लागते. अंगमेहनतीचं म्हणावं असं काम तुमच्या वाट्याला कापूस वेचणीचे दोन-अडीच महिने उरलं असेल, तेही मजूर मिळाले नाहीत तर.

हे मी तुम्हाला आळशी म्हणायला सांगत नाही. नणंदबाईंचं "आयत्यावर बसली" मला मुळीच पटत नाही, कारण त्यांच्याही घरी गॅस आणि नळ असणारच. सांगायचं एवढंच की व्यायाम सोडून दिवसभर जी उठबस होते, वाकणं, उचलणं, चालणं, तिचा हिशेब फार मोठा असतो. अमेरिकेतले डॉक्टर जेम्स लेव्हिन यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला. सारख्याच बांध्याच्या दोन माणसांत केवळ या उठबशीमुळे दिवसाला २००० कॅलरीपर्यंत फरक पडू शकतो, असं त्यांनी दाखवलं. एका बाईच्या दिवसभराच्या जेवणाएवढा!

आणि ते जुने दिवस परत यावेत असंही मला वाटत नाही. त्याच पिढीतल्या कितीतरी बाया अंग बाहेर येण्याचं दुखणं घेऊन माझ्याकडे यायच्या. रक्त कमी, मणके आणि गुडघे लवकरच गेलेले. नळ आला ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र शरीराकडून काम मागणारं सगळं एकेक करून निघून गेलं, त्याच वीस-तीस वर्षांत ताटही बदललं, आणि या दोन्ही बदलांचा मेळ कोणी घातला नाही.

ताटाबद्दल बोलायचं तर मला ज्वारीपासून सुरुवात करावी लागेल. माझ्या लेखी तुमच्या गावची बरीचशी गोष्ट तिच्यात आहे. आपल्या भागात घरोघरी खायची ज्वारी व्हायची. तिच्या तासांत मूग, बरबटी, अंबाडी असायची. मग पाखरं आणि रानडुकरं आवरेनात, सोंगणीला माणसं मिळेनात, बाजारात भाव मिळेना, आणि शंभर-सव्वाशे दिवसांत रोख पैसा देणारं सोयाबीन आलं. शेतकऱ्यानं ज्वारी सोडली यात त्याचा दोष मला दिसत नाही, पोट आणि कर्ज दोन्ही त्याच वावरातून भागवायचं असतं. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी बैलजोडी परवडेना, गाय परवडेना. बैल गेले, ट्रॅक्टर आला. गाय गेली, ताक गेलं. ज्वारीसोबत अंबाडीची भाजी गेली. तणनाशकानं तणाबरोबर घोळ गेली, चिवळ गेली, तरोटा गेला, आणि बांधावरून ओटीत भरून आणायची ती फुकटची भाजी आता दहा-वीस रुपयांची जुडी होऊन आठवडी बाजारात बसली. माझी आई पावसाळ्यात दोन-दोन महिने भाजी विकत आणायची नाही. हे तिच्या काटकसरीमुळे होतं असं मला लहानपणी वाटायचं. तिचं वावरच तिला भाजी देत होतं.

ज्वारीच्या जागी रेशनचा गहू आणि तांदूळ आला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य हक्काचं झालं, २०२३ पासून ते फुकट मिळतं. त्या धान्यानं कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या, म्हणून त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण रोजची भाकर जाऊन तेल लावलेली पोळी आणि परातभर भात आला, हेही खरं.

इथं एक गैरसमज दूर करते. ज्वारी खाल्ली की वजन आपोआप उतरतं, असं मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ सांगतात. तसं नाही. शंभर ग्रॅम ज्वारी आणि शंभर ग्रॅम गहू यांच्या कॅलरीत विशेष फरक नाही. फरक पडतो तो खाण्यात. भाकरीला तेल लागत नाही, ती चावावी लागते, सोबत पातळ वरण किंवा पालेभाजी लागते, आणि एक-दीड भाकरीत पोट भरल्याचं कळतं. मऊ पोळ्या चार कधी झाल्या ते कळत नाही.

आता तुमच्या स्वयंपाकघरात येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे माणशी दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम तेल पुरे. मधला २५ चा आकडा धरू. तुम्ही घरात चौघं, म्हणजे महिन्याला तीन किलो. पंधरा किलोचा पिपा तुमच्याकडे पाच महिने चालायला हवा. किती चालतो? मी हा प्रश्न दवाखान्यात विचारते तेव्हा बहुतेक बाया "दोन महिने" म्हणतात आणि मग स्वतःच गप्प होतात. पूर्वी जवस, करडी, तीळ, फल्ली घरची असायची, घाणीवरून तेल निघायचं, आणि ते संपलं की पुढच्या हंगामापर्यंत हात आखडायचा. आता आपण सोयाबीन मार्केटला विकतो आणि त्याचं तेल पाकिटातून परत घेतो. पाकीट स्वस्त आहे, दुकान जवळ आहे, म्हणून हात आखडत नाही. एक चमचा तेल ४५ कॅलरीचं असतं, आणि रश्श्यावर तर्री आल्याशिवाय आपल्याला भाजी झाल्यासारखी वाटत नाही.

तुम्ही दोनदाच जेवता हे मला मान्य आहे. पण चहा किती वेळा होतो? सकाळचा, ह्यांच्यासोबतचा, कोणी आलं-गेलं त्याच्यासोबतचा, दुपारचा, संध्याकाळचा. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. ती ५० ग्रॅम साखर २०० कॅलरी देते आणि तेवढ्या जाळायला तुम्हाला जवळपास चार किलोमीटर चालावं लागेल. चहात बुडवलेला टोस्ट आणि बिस्किटं वेगळी. पोराच्या ताटात उरलेलं फेकवत नाही म्हणून घेतलेले दोन घास वेगळे. सोमवारच्या उपासाची साबुदाण्याची उसळ, तिच्यातली फल्ली आणि तेल, हे तर उपासाचं म्हणून आपण हिशेबातच धरत नाही. पोटभर न जेवताही दिवस भरतो तो असा.

आणि ती पाच-दहा रुपयांची पाकिटं. आज आपल्याकडे दोनशे उंबऱ्यांच्या गावात दवाखाना नसतो, पण किराणा दुकानाच्या दारावर ती माळेसारखी लटकलेली असतात. पाहुणा येतो तो पोरासाठी तेच घेऊन येतो, पूर्वी केळी किंवा बोरं आणायचा. हे खाणं बनवलेलंच असं असतं की चावायला वेळ लागू नये आणि पोट भरल्याचा निरोप पोचायच्या आत पाकीट संपावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना दवाखान्यातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न. दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या ताटात साखर, चरबी, मीठ सारखंच, आणि खा हवं तेवढं. कारखान्याच्या खाण्यावर तीच माणसं रोज ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलो वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. माणसं तीच होती, म्हणून मी म्हणते की तुमच्या मुलाला "तुझ्या जिभेवर ताबा नाही" असं कधी म्हणू नका.

मुलासाठी एक गोष्ट तुम्हाला गावातच करता येईल. शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट, अतितेलकट पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२० मध्ये केला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच असतात. तिथं एकदा हा विषय काढा. त्याला एकट्याला बाजूला काढून वेगळं ताट मात्र लावू नका. या वयात पोरं चिडवण्यानं आतून मोडतात, आणि घरातलं वेगळं ताट त्याला तीच गोष्ट पुन्हा ऐकवेल. घरात पाकिटंच येणं बंद झालं, शाळेला सायकल मिळाली आणि संध्याकाळी तासभर मोबाइलऐवजी कबड्डीचं मैदान मिळालं, तर वाढत्या वयात त्याचं वजन उतरवावं लागणार नाही, उंची वाढेल तसं ते जुळत जाईल.

ह्यांच्या पोटाचं आणि शुगरचं एक कारण तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. रब्बीत शेतीपंपाची लाइन रात्रीची असली की ओलीत करायला रात्री जावं लागतं. पीक उभं असलं की रानडुकरांसाठी जागल. तुम्ही घरी त्यांची वाट पाहत जाग्या, नऊ-साडेनऊला मालिका संपल्यावर जेवण, मग मोबाइल. शिकागोमध्ये २००४ साली बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्के घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं, आणि त्यांना गोड-तळलेलं खावंसं वाटू लागलं. दोनच रात्रींत! आपला शेतकरी महिनोन् महिने असा जागतो. ओलिताची रात्र टळत नसेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दीड-दोन तास निजू द्या, आणि त्या रात्री सोबत फरसाणाच्या पुड्याऐवजी भाजलेले फुटाणे बांधून द्या.

त्यांच्या पोटाला आणखी एक जुनं कारण असू शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. दिसायला आपली बाळं हडकुळी. पण मोजल्यावर कळलं की त्यांच्यात स्नायू कमी होते, चरबी मात्र फारशी कमी नव्हती. पोटात असताना आईला पोटभर मिळालं नाही, तर लेकराचं शरीर पुढच्या दुष्काळाची तयारी करूनच जन्माला येतं, आणि दुष्काळाऐवजी तेल-साखर समोर आली की ते सगळं साठवून ठेवतं. म्हणून आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असे मधुमेही इतके दिसतात. १९७२ चा दुष्काळ सासूबाईंना आठवत असेल. त्या वेळी किंवा त्यानंतरच्या तंगीत वाढलेल्या बायांची लेकरं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत.

पावडरीबद्दल माझा राग मी लपवणार नाही. जेवणाऐवजी पावडर प्यायली की अन्न एकदम तुटतं, चार-सहा किलो उतरतात, त्यात पाणी आणि स्नायूही असतात. शरीर याला दुष्काळच समजतं. ते भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं, आणि पावडर बंद झाली की गेलेलं व्याजासह परत घेतं. तुमचं सहाचं आठ झालं ते असं. त्यात तुमची चूक एवढीच की तुम्ही विश्वास ठेवला. कापसाचे पैसे पुन्हा तिथं घालू नका. सांधेदुखीसाठी कोणी बिननावाच्या पुड्या देत असेल तर त्याही बंद करा, त्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि त्यानंही वजन आणि शुगर दोन्ही चढतात. ज्यांना डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहून दिलं आहे, त्यांनी ते आपल्या मनानं एकदम थांबवू नये, हेही इथंच सांगून ठेवते.

एक तपासणी मात्र कराच. थायरॉइडसाठी टीएसएच, उपाशीपोटी साखर आणि शक्य असेल तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर. पाळी अनियमित असेल, तर डॉक्टरांना सांगा. तीसच्या वरच्या प्रत्येकाची बीपी-शुगर उपकेंद्रात मोफत बघतात, आशाताई त्याचा फॉर्म भरून घेतात आणि त्यात कमरेचं मापही असतं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची ९० च्या आत. तिथं जायला लाज वाटत असेल तर एखाद्या दुपारी, शिबिर नसताना जा.

आता काय करायचं. एकदम सगळं करू नका, आणि एकट्यानं तर अजिबात करू नका. पहिल्या महिन्यात फक्त चहा आणि तेल. चहा तीन कपांवर आणा आणि साखर अर्धी करा, पंधरा दिवसांत जीभ सरावते. तेलाचा पिपा आणला त्या दिवशीची तारीख त्याच्यावर खडूनं लिहा आणि तीन किलो वेगळं काढून महिनाभर तेवढ्यातच भागवा. फोडणी कमी होईल, भाजी कमी होणार नाही. दुसऱ्या महिन्यात रात्रीचं जेवण मालिकेच्या आधी, आठच्या आत, आणि भात वाढायच्या आधी ताटात भाजी, घट्ट वरण, कांदा, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची चटणी. वरण पाणीदार करू नका, पोट भरतं ते डाळीनं. अंडी चालत असतील तर उत्तम. आठवड्यातून तीन-चार दिवस भाकर करा. विकतची ज्वारी फुकटच्या गव्हापुढे महाग वाटते, हे मला माहीत आहे. म्हणून येत्या खरिपात अर्धा एकर नाही तर निदान घराजवळच्या तुकड्यात ज्वारी, बरबटी आणि अंबाडी लावून बघा, धुऱ्यावर दोन शेवगे लावा.

हे काम सासूबाईंच्या हाती द्या. "खात्यापित्या घरची" असं त्या म्हणतात ते प्रेमानं म्हणतात. ज्यांनी पोटाला चिमटा काढून दिवस काढले, त्यांना सुनेचं भरलेलं अंग म्हणजे आपल्या कष्टाचं फळ वाटतं. त्यांना बीएमआय सांगत बसू नका. त्यांना विचारा, अंबाडी कोणत्या नक्षत्रात टाकायची, आंबील कशी करायची, मूग तासात किती अंतरावर पेरायचा. ज्या बाईला हे सगळं येतं आणि वीस वर्षांत कोणी विचारलं नाही, ती आनंदानं तुमच्या बाजूला येईल.

चालण्याचं सांगते तेव्हा बाया म्हणतात, "गावात फिरायला निघालं त लोक काय म्हणतील?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. शहरात बाग असते, फिरणाऱ्या अनोळखी बाया असतात. खेड्यात कारणाशिवाय रस्त्यानं जाणारी बाई सगळ्यांच्या नजरेत येते. त्यात आपला उन्हाळा, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. म्हणून बचत गटातल्या तीन-चार जणी मिळून पहाटे सहाच्या आत पांदण रस्त्यानं निघा, हातात टॉर्च आणि पायात बूट, पावसाळ्यात साप असतात. आठवड्याला एकूण दीडशे मिनिटं झपझप चालणं पुरे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. ज्या तिघी-चौघी शिबिरात हसल्या, त्यांतलीच एखादी सोबतीला येईल, हे मी अनुभवानं सांगते. ह्यांनी मोटरसायकल आखरावर लावावी आणि तिथून वावरापर्यंत पायी जावं.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ह्यांच्यासारख्याच, शुगर बॉर्डरवर असलेल्या माणसांना खाणं आणि चालणं यांत बदल करायला लावला. २००६ साली निष्कर्ष आला: तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही वजन फारसं न उतरता. म्हणून काटा हलला नाही तर ह्यांना "काही उपयोग नाही" म्हणू देऊ नका. तुमच्यासाठी सहा महिन्यांत चार-पाच किलो एवढंच ध्येय ठेवा. ४७ किलो विसरून जा, ते विशीतल्या मुलीचं वजन होतं.

काट्यासाठी शिबिराची वाट बघायची गरज नाही. घरातली सुतळी घ्या, भिंतीला टेकून उभ्या राहा आणि सासूबाईंना टाचेपासून डोक्यापर्यंत तुमच्या उंचीएवढी सुतळी कापायला सांगा. ती मधोमध दुमडा आणि बेंबीच्या वरून कमरेभोवती फिरवा. दोन्ही टोकं एकमेकांना लागली तर पोट हद्दीत आहे. नाही लागली तर मध्ये किती बोटं अंतर उरतं ते मोजा. ह्यांची आणि पोराची सुतळी वेगळी कापा, ज्याची त्याच्या उंचीएवढी. तिन्ही सुतळ्या चुलीमागच्या खुंटीला टांगून ठेवा, पोळ्याला एकदा आणि दिवाळीला एकदा काढा. दिवाळीनंतर मला पत्र लिहाल तेव्हा किलो लिहू नका, बोटं लिहा.